पोरगं कामाला लागलं, पुढे काय?

१३ जून २०२४ रोजी नागपूर-अमरावती मार्गावरील धामना येथे स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्या दिवशी सहा जण मरण पावले. त्यांत पाच महिला होत्या, बहुतेक विशी-पंचविशीतल्या, आजूबाजूच्या खेड्यांतून पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या. पुढे जखमींतूनही मृत्यू झाले. त्याआधी सहाच महिने, १७ डिसेंबर २०२३ ला, याच रस्त्यावरच्या बाजारगावात दुसऱ्या एका स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले होते, त्यांत सहा महिला. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले आणि तो तर सरकारचाच कारखाना!

दर वेळी नेते येतात, मदतीचे आकडे जाहीर होतात, चौकशी नेमली जाते. पण ती मुलगी कामावर लागून किती दिवस झाले होते, आणि पहिल्या दिवशी तिला कुणी काय सांगितले होते, हा साधा प्रश्न विचारला जात नाही. स्फोटकाच्या पावडरीजवळ नायलॉनचे कपडे घातले तर अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. हे जुन्या कामगाराला माहीत असते. सोमवारी भरती झालेल्या पोरीला ते कुणी सांगायचे?

मृतांची जात आम्ही विचारत नाही. मात्र बारावी किंवा आयटीआय झालेली, घरी शेतीचा तुकडा नसलेली, ठेकेदाराच्या एका फोनवर दुसऱ्या दिवशी हजर होणारी पोरे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. वाळूज, चाकण, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवर सकाळी सहाला उभे राहावे. जोखमीचे काम नव्याच्या वाट्याला येते, कारण जुना नाही म्हणू शकतो. नवा म्हणत नाही. त्याला भीती मशीनची नसते, उद्या गेटवरून परत पाठवतील याची असते. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणे असतात, हात साच्याखाली राहू नयेत म्हणून. उत्पादन वाढवायला त्यांतले एक तारेने बांधून ठेवलेले असते. नव्या पोराला वाटते, हे मशीन असेच असते. बोटे गेल्यावर त्याला कळते की तसे नव्हते. आणि वर म्हणतात, पोराचे लक्ष नव्हते!

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २३ होते. धोक्याच्या यंत्रावर अल्पवयीन कामगाराला धोका समजावून सांगितल्याशिवाय, आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असल्याशिवाय, उभे करू नये असे ते म्हणत होते. कलम चांगलेच होते, पण अठरा वर्षांच्या आतल्यांपुरते. एकोणिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा प्रेससमोर उभा राहणारा पोरगा कायद्याच्या लेखी जाणता ठरला. आमचे म्हणणे असे की धोका वयात नसून नवखेपणात आहे. चाळिशीत गाव सोडून आलेली बाईही पहिल्या आठवड्यात तितकीच नवखी असते.

आता तो कायदा गेला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नियुक्तीपत्र देणे मालकाला बंधनकारक झाले, हे आम्ही मान्य करतो. माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख देण्याचे कर्तव्यही तिच्यात लिहिले आहे. महिलांना धोक्याच्या कामावर घेता येते, त्याआधी पुरेशा सुरक्षेची अट सरकार घालू शकते. आम्ही महिलांना कामावरून काढा असे म्हणणार नाही, ती अट प्रत्यक्षात दाखवा असे म्हणू. पण याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली आणि निरीक्षकाला 'सुविधाकार' हेही नाव जोडले. सुविधा कुणाची?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले, जमिनीखाली उतरले आणि कामगारांची घरेही पाहून आले. त्याआधी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आमच्या प्रत्येक व्यासपीठावर म्हटले जाते. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले होते की अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. कुणाला कोणत्या कामावर ठेवायचे हे जात ठरवते, हा त्यातला मुद्दा आम्ही विसरलो. आमची चळवळ आरक्षण आणि शिष्यवृत्तीवर बोलते, ते बोललेच पाहिजे. पण खासगी कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेला आमचा पोरगा चळवळीच्या हिशेबात कुठेच नसतो. तो जयंतीच्या वर्गणीत तेवढा असतो.

काही गोष्टी घराघरांत माहीत हव्यात. ईएसआय लागू असेल तर कामावरच्या दुखापतीचे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते, त्यासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. तरीही अपघात झाल्यावर धावपळ करून नोंदणी करणारे मालक आहेत. म्हणून हजर झाल्याची तारीख कागदावर घ्या. पोरगा 'शिकाऊ' आहे, कामगार नाही, असे सांगून घरच्यांना परत पाठवतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंद असलेल्या उमेदवारालाही कामावर इजा झाली तर भरपाई मिळते, मालकाला हात झटकता येत नाहीत.

आमच्या विहारांत रविवारी वंदनेला माणसे जमतात. त्यांत प्रेसवर, केमिकलवर, बॉयलरवर वीस वर्षे काढलेले दोन-तीन जण असतातच. कुणाचे एखादे बोटही गेलेले असते. या महिन्यात वस्तीतली कोणती पोरे-पोरी नव्याने कामाला लागली, त्यांची यादी विहार समितीने करावी आणि वंदना झाल्यावर अर्धा तास त्यांना या जुन्या माणसांसमोर बसवावे. कोणते मशीन, ठेकेदार कोण, नियुक्तीपत्र मिळाले का, ईएसआयचा नंबर आला का, बाहेर पडायचे दार कुठे आहे, एवढेच विचारावे. ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याच्यासोबत सोमवारी समितीच्या दोघांनी गेटपर्यंत जावे.