गोंगूर, अंबाडा, अंबाडी

हैदराबादेत परसबागेच्या निमित्ताने शेजाऱ्यांना जोडणारे मोबाइल ॲप आखायला घेतले, तर पहिली अडचण उभी राहते ती भाज्यांच्या नावांची. तेलुगू घरांत ज्या पालेभाजीला गोंगूर म्हणतात, तिला दखनी बोलणारे अंबाडा म्हणतात, आणि काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतल्या जुन्या मराठी घरांत ती अंबाडी म्हणूनच शिजते. बच्चलि म्हणजे मायाळू आणि चुक्क कूर म्हणजे आंबट चुका, हे एकाच जिन्यावरच्या दोन कुटुंबांना ठाऊक नसले, की एकाकडे उरलेली रोपे सुकून जातात आणि दुसरा तीच रोपे विकत आणायला बाहेर पडतो. म्हणून ॲपच्या माहितीसाठ्यात, म्हणजे ज्या नोंदींतून ते उत्तरे शोधते त्या संग्रहात, प्रत्येक वनस्पतीची नोंद एकच असावी आणि तिला या सगळ्या भाषांतली नावे जोडलेली असावीत. बोलून शोधण्याची सोयही हवी, कारण मातीने भरलेल्या हातांनी कोणी अक्षरे दाबत बसत नाही. लाल देठाची अंबाडी अधिक आंबट असते आणि हिरव्या देठाची त्या मानाने सौम्य. चटणी वाटणाऱ्याला हा फरक शास्त्रीय नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो, तेव्हा तोही नोंदीत यायलाच हवा.

या शहराला गच्चीवरची शेती नवी नाही. 'साक्षी' या तेलुगू दैनिकाच्या 'इंटि पंट', म्हणजे घरचे पीक, या सदराने तिला वाचक मिळवून दिले, आणि गच्चीवरच्या बागेसाठी 'मिद्दे तोट' हा शब्द रुळण्यात कथालेखक तुम्मेटि रघोत्तम रेड्डी यांचा मोठा वाटा आहे. तंत्राचे कामही पुष्कळ पुढे गेले आहे. पानाच्या छायाचित्रावरून रोग ओळखणारे 'प्लांटिक्स' हे जर्मन ॲप 2017 मध्ये तेलुगूत आले, आणि त्यासाठी हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचे सहकार्य लाभले. मात्र रोगाचे नाव कळले तरी शेजारच्या गच्चीवर त्याच बोअरच्या पाण्यावर आणि एप्रिलच्या त्याच उन्हात कोणाची वांगी तगली, हे कळायचे राहून जाते.

त्यासाठी मराठी वाचकाला श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'कडे पाहता येईल. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांसह अनेकांनी आपापल्या बागेत प्रयोग करावेत, त्यांची नोंद ठेवावी आणि ती इतरांना कळवावी, अशी ही रचना होती, आणि तिच्यात शेतकरी स्वतःच संशोधक ठरत असे. ॲपमध्ये हीच शिस्त आणायची, तर पेरणीची तारीख, मातीचे मिश्रण, सावलीच्या जाळीचा उपयोग आणि हाती आलेले पीक एवढे चार रकाने पुरेत. याहून लांब अर्ज कोणी भरणार नाही.

ॲपचा परीघही लहानच असावा: एक इमारत किंवा एक गल्ली. घर क्रमांक सर्वांना दिसू नये. दोन्ही बाजूंनी होकार आल्यावरच तो उघडावा. संक्रांतीला गावी जाणाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालण्याची विनंती त्याच जिन्यावरच्या लोकांपर्यंत जावी आणि सुटी संपताच पुसली जावी, कारण घर रिकामे असल्याची बातमी शहरभर फिरणे धोक्याचे आहे. नोंदी उतरवून घेण्याची सोयही आरंभापासून असावी. ब्रिटनमध्ये 2009 साली जमीन असलेल्यांची आणि लागवड करू इच्छिणाऱ्यांची गाठ घालून देणारा 'लँडशेअर' हा उपक्रम सुरू झाला आणि 2016 मध्ये बंद पडला. सेवा बंद झाली तरी लोकांनी लिहून ठेवलेले त्यांच्याच हाती राहायला हवे.

अंबाडी दिवस लहान होऊ लागले की फुलते. पाने खुडण्याच्या भरात सगळीच झाडे खुडली गेली तर बी उरत नाही, म्हणून पावसाळा संपता संपता ॲपने प्रत्येक गच्चीला दोन झाडे राखून ठेवण्याची आठवण करून द्यावी, आणि बोंडे वाळल्यावर जी पुडी शेजारी जाईल तिच्यावर गोंगूर, अंबाडा, अंबाडी ही तिन्ही नावे लिहिलेली असावीत.