सिंहस्थ गुरूसाठी आरसे तयार ठेवा

नाशिकचा सिंहस्थ आणि कुंभकोणमचा महामहम हे दोन्ही एकाच गुरूवर ठरतात. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की गोदावरीकाठी आणि कावेरीकाठी स्नानाची गर्दी लोटते. फरक आहे तो सूर्याच्या जागेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरची मुख्य स्नाने बहुतांशी श्रावण-भाद्रपदात, सूर्यही सिंहेत असताना येतात. त्या दिवसांत गुरू सूर्याच्या तेजात बुडालेला असतो आणि वर पावसाळी ढग. कुंभकोणमला मात्र सूर्य कुंभेत, गुरू सिंहेत आणि भरत आलेला चंद्र मघा नक्षत्रात लागतो. सूर्य कुंभेत आणि गुरू सिंहेत म्हणजे दोघे समोरासमोर, म्हणजेच गुरूची प्रतियुती जवळ आलेली किंवा नुकतीच होऊन गेलेली. २००४ चा महामहम ६ मार्चला झाला आणि प्रतियुती ४ मार्चला होती. २०१६ मध्ये महामहम २२ फेब्रुवारीला आणि प्रतियुती ८ मार्चला. गुरू रात्रभर आकाशात आणि त्या वर्षातला सर्वांत जवळ, असा हा योग आहे. पुढचा २०२८ च्या मार्चमध्ये येतो.

तोवर मोठी दुर्बीण घेण्याचे बेत बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात असलेली सहा किंवा आठ इंची परावर्ती दुर्बीण हा गुरू पाहायला पुरते. कमी पडते ती तयारी.

आकाश आपल्या बाजूने आहे. कुंभकोणम जेमतेम ११ अंश उत्तरेला. २०२८ चा गुरू तिथे मध्यरात्री क्षितिजापासून ८० अंशांहून वर, जवळजवळ डोक्यावर असेल. नाशिकहूनही तो सत्तरीच्या पुढे जाईल. इतक्या उंचीवरून येणारा प्रकाश हवेचा सर्वांत पातळ थर ओलांडतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर वाहणारा जेट प्रवाह तारे थरथरवतो, त्यापासून कावेरीचे खोरे दूर आहे. ईशान्य मान्सूनचा पाऊस डिसेंबरअखेर ओसरलेला असतो. सिंहेतला गुरू आकाराने थोडा लहान, सुमारे ४४ विकलांचा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तो जवळपास ५० विकलांचा होता. पण चाळीसपट वर्धनालाच तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. दीडशे ते दोनशेपट वर्धनाला पट्ट्यांच्या कडांवरचे बारकावे दिसायला हवेत आणि उपग्रहाची सावली शाईच्या ठिपक्यासारखी काळी उठायला हवी. दिसत नसेल तर दोष आधी दुर्बिणीतच शोधावा.

सर्वांत जास्त घात करते ती ऊब. दिवसभर बंद खोलीत तापलेला जाड काचेचा आरसा संध्याकाळी बाहेर आणला, तर तो तासन् तास गरम हवा सोडत राहतो. सभोवतालच्या हवेपेक्षा आरसा एक-दोन अंश जरी गरम असला, तरी गुरूचे पट्टे पुसट होतात. याची परीक्षा सोपी आहे. एखादा ठळक तारा घ्या आणि फोकस सोडून त्याची चकती मोठी करा. चकतीवरून एकाच दिशेने झरझर ओघळ पळत असतील तर ती वरच्या वातावरणाची हालचाल; तिथे आपले काही चालत नाही. पण आळसावलेले, गोल गोल वळणारे लोट एका कडेने वर चढत असतील, तर ती नळीतली ऊब. आता नळीच्या तोंडाशी खालच्या बाजूने हात धरा. तळव्याची उष्णता त्याच चकतीत धुरासारखी चढताना दिसते. एकदा हे पाहिलेला निरीक्षक दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढतो आणि आरशामागे बारा व्होल्टचा छोटा पंखा लावतो.

काँक्रीटच्या गच्चीचेही तेच. मार्चच्या उन्हात भाजलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. कावेरीकाठच्या जुन्या घरांना मागे लांब परस असते. माती आणि गवत असलेली ती जागा गच्चीपेक्षा कितीतरी चांगली. पहाटे दव पडते, म्हणून नळीच्या पुढे दवरोधक पुठ्ठा लावावा.

कोलिमेशनबद्दल, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवण्याबद्दल, आपल्याकडे फार ढिलाई आहे. एफ-८ च्या दुर्बिणीत कोमाचा दोष न जाणवणारे मधले क्षेत्र सुमारे अकरा मिलिमीटरचे असते. एफ-५ मध्ये ते पावणेतीन मिलिमीटरवर येते. सध्या बहुतेकांच्या हातात एफ-५, एफ-६ च्याच डॉब्सोनियन आहेत, म्हणजे चुकीला जागा फारच थोडी. नळी आडवी ठेवून लेझरने जुळवलेला आरसा नळी उभी केल्यावर किंचित सरकतो. म्हणून शेवटचे जुळवणे गुरूच्याच उंचीवरच्या ताऱ्यावर करावे. फोकसबाहेरच्या चकतीतली वलये आणि दुय्यम आरशाची सावली एककेंद्री आली पाहिजेत. तारा तिकोनी दिसत असेल तर आरसा धरणाऱ्या पकडी जास्त आवळल्या आहेत. त्या सैल करा.

डोक्यावरच्या गुरूची एक अडचण मात्र आहे. डॉब्सोनियन खस्वस्तिकाजवळ नीट वळवता येत नाही. मध्यरात्रीच्या दोन तास अलीकडे किंवा पलीकडे गुरू साठ अंशांवर असतो आणि प्रतिमेत फारसा फरक पडत नाही. लोकांना दाखवायची वेळ तीच ठरवावी.

शहरातल्या रोषणाईची आणि शेजारच्या चंद्राची काळजी नको. गुरूला त्याने काही होत नाही. दुर्बीण मात्र महामहम तलावाजवळ नेऊ नये. १९९२ मध्ये तिथे चेंगराचेंगरीत माणसे दगावली आहेत. तलावापासून दूर, ओळखीच्या घराच्या परसात बसावे. तंजावर-कुंभकोणम भागात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत; आकाशनिरीक्षक मंडळांनी त्यांच्याशी आतापासूनच बोलून ठेवावे. स्नानाहून परतणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच गुरू पाहणार असतो, त्याला धुरकट गोळा दाखवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा हात फोकसच्या चाकावर ठेवा आणि चाक दोन्हीकडे हळूहळू फिरवायला सांगा. नंबर नुसता जवळचा किंवा लांबचा असेल तर चष्मा काढायला लावा. पट्टे किती, हे आपण आधी सांगू नये. त्याने मोजून सांगेपर्यंत पुढच्याला थांबवावे.