तलाठ्याचा पंचनामा म्हणजे घराचा विमा नव्हे

मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की बेलापूर पट्टीपासून थेट पनवेल-उरणपर्यंतच्या गावठाणांत पाणी शिरते, हे तुम्हाला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी गाढी नदीने पनवेलची काय दशा केली, ते पाहिलेली माणसे आजही आहेत. पाणी ओसरले की दरवेळी एक प्रश्न निघतो : घराचा विमा सरकारीच ठेवावा, की खासगी कंपनीकडे न्यावा?

प्रश्न रास्त आहे. पण 'सरकारी विमा' म्हणताना आपल्यातल्या अनेकांच्या मनात असतो तो तलाठ्याचा पंचनामा, आणि घोळ इथेच होतो.

पंचनाम्यानंतर मिळते ती मदत. तुम्ही हप्ता भरलेला नसतो, त्यामुळे भरपाईचा करारही नसतो. केंद्राने २०२२ ते २०२६ साठी ठरवलेल्या निकषांत सपाट भागातले घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये, पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर ६,५०० आणि कच्च्याची झाली तर ४,००० रुपये धरले आहेत. कपड्यांसाठी अडीच हजार, भांड्यांसाठी अडीच हजार. त्यातही घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असावे, अशी मूळ अट. महापुराच्या वर्षी शासन ती शिथिल करते, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडचे पाणी ओहोटी लागली की उतरते. तेवढ्यात फ्रीज, गाद्या, धान्य गेलेले असते.

अंशतः पडझडीच्या मदतीला आणखी एक अट आहे, ती आपल्याला जास्त बोचणारी. झोपडी सोडली तर बांधकाम अधिकृत असले पाहिजे. आता बघा, १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या. घरात माणसे वाढली, मुलांची लग्ने झाली, आणि गावठाणाबाहेर 'गरजेपोटी' घरे उभी राहिली. ती नियमित करण्याचे शासननिर्णय २०२२ ला निघाले, २०२४ ला पुन्हा निघाले. निर्णय निघणे आणि कागद हातात पडणे यांत किती अंतर असते, हे प्रकल्पग्रस्ताला कोणी शिकवायची गरज नाही.

आता खऱ्या विम्याकडे येऊ. १९७३ पासून सर्वसाधारण विमा न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांच्याच हाती होता. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या. आणि १ एप्रिल २०२१ पासून घराचा विमा विकणाऱ्या कंपनीला, मग ती सरकारी असो वा खासगी, 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मजकुराची पॉलिसी ठेवावी लागते. पूर, वादळ, दरड हे सगळे तिच्यात आहे. घराचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातले सामानही आपोआप धरले जाते. म्हणजे कंपनी बदलली तरी या पॉलिसीचे मूळ संरक्षण तेच राहते. फरक पडतो तो हप्त्यात आणि दाव्याच्या वेळी सर्व्हेअर किती दिवसांत दारात येतो त्यात. म्हणून एजंटाचे माहितीपत्रक वाचण्यापेक्षा, ज्याच्या घरात पाणी शिरले होते त्या शेजाऱ्याला पैसे केव्हा मिळाले ते विचारा.

विम्याची रक्कम बांधकाम खर्चावर धरतात, बाजारभावावर नाही. ८०० चौरस फुटांचे घर चौरस फुटाला दोन हजाराने बांधून होत असेल तर १६ लाख पुरेत. घर विकून कोटभर येतील म्हणून कोटीचा हप्ता भरू नका.

एक कलम मात्र नीट वाचा. जमीन खचल्याचे नुकसान मिळते, पण भराव टाकलेली जमीन बसल्याने गेलेले तडे वगळलेले आहेत. नवी मुंबईत भराव कुठे नाही?

बदल करायचाच असेल तर नवी पॉलिसी हातात पडल्याखेरीज जुनी रद्द करू नका. जून ते सप्टेंबर एक दिवसही मोकळा राहता कामा नये. कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा आणि नव्या पॉलिसीत बँकेचे नाव घालून घ्या. बँक सांगेल त्याच कंपनीचा विमा घेण्याची सक्ती मात्र नसते. काही वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल, तर उरलेल्या मुदतीचा परतावा मागून घ्या.

आणि घर गरजेपोटीचे असेल, तर घरपट्टीची पावती, वीजबिल, जुना सातबारा एजंटपुढे ठेवा. या कागदांवर पॉलिसी दिली, तर दावाही याच कागदांवर मान्य होणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी 'हो हो, होईल' चालणार नाही.