डबीची मागची बाजू

दिवाळीला नातीने मला चेहऱ्याचं क्रीम आणून दिलं. "आजी, यात केमिकल अजिबात नाहीत हं, सगळं नैसर्गिक." डबीवर पुढे केशराचं मोठं चित्र आणि मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. आयुष्यभर वह्या तपासल्यामुळे असेल, पण अक्षर लागलं नाही की मला चैन पडत नाही. भिंग घेऊन बसले.

पहिलं नाव पाण्याचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे डबीत सर्वांत जास्त पाणीच. पुढे ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, सेटिल अल्कोहोल, फिनॉक्सीइथेनॉल... आणि केशर? ते अगदी शेपटाला. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात, त्या गर्दीत ते उभं होतं.

नातीचा चेहरा उतरला. "म्हणजे ॲसिड आहे यात!"

तिला म्हटलं, अगं, हे ॲसिड मी लहानपणापासून टाचांना लावत आले आहे. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. थंडीत भेगा पडल्या की आई कोकमतेलाचा गोळा गरम करून त्या भेगांत भरायची. त्या तेलातल्या मेदाम्लांत निम्म्याहून जास्त वाटा या स्टिअरिकचाच असतो. सेटिल अल्कोहोलही नावाचंच अल्कोहोल, प्रत्यक्षात मेणासारखा पांढरा पदार्थ. तेल आणि पाणी एकत्र नांदावं, क्रीमला दाटपणा यावा, म्हणून ही मंडळी लागतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. साबण तयार होताना ते आपोआप सुटतं, इतकी त्याची साधी जात. आणि पेट्रोलियम जेली? चेसब्रो नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ साली व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, ते खनिज तेलाच्या विहिरीत सापडणाऱ्या मेणकट गाळावरून. ती त्वचेला पाणी देत नाही, फक्त झाकण घालते, आतलं पाणी उडू देत नाही. ऐकायला किळसवाणं, पण कोरड्या त्वचेला इतकं स्वस्त आणि निरुपद्रवी दुसरं फारसं काही नाही.

राहिलं फिनॉक्सीइथेनॉल, म्हणजे टिकाऊपणासाठी घातलेलं द्रव्य. लोणच्यात ओला चमचा घातला की काय होतं हे मराठी बाईला शिकवायला नको. जिथे पाणी तिथे बुरशी. कोकमतेलात पाणी नाही, म्हणून त्याला असलं काही लागत नाही. पाण्याच्या क्रीममध्ये रोज बोटं बुडवायची आणि वर ते वर्षभर टिकायला हवं, तर काहीतरी घालावंच लागणार. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" म्हणून अभिमानाने विकल्या जाणाऱ्या घरगुती कोरफड जेलचीच मला जास्त भीती वाटते.

असो. हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींची मुलगी. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. मीसुद्धा म्हणाले, "किती गोरी दिसायला लागलीस गं!" पुढे पाच-सहा महिन्यांनी आली ती भर मे महिन्यात तोंडाला ओढणी गुंडाळून. गाल लालभडक, पुटकुळ्या, हनुवटीवर बारीक लव. गॅससमोर उभं राहवेना, आग व्हायची.

डॉक्टरांनी ट्यूब मागवून घेतली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं स्टेरॉइड. हे मिश्रण वांगावरचं औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे लावायचं. स्टेरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरुवातीला चेहरा फिका दिसतो. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते आणि थांबवलं की भडका उडतो. थांबवता येत नाही म्हणून पोरी लावत राहतात.

२०१८ साली सरकारने अशा स्टेरॉइडच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली. तरी हिला कोणी चिठ्ठी विचारली नाही. पण मला खरी टोचणी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. ट्यूबवर सगळी नावं छापलेली होती, चिठ्ठीशिवाय विकू नये हेसुद्धा. सगळं इंग्रजीत. मुलगी दहावी पास आहे, मराठी शाळेतली. मीही मराठी माध्यमातूनच बी.ए. झाले, मलाही भिंग आणि शब्दकोश दोन्ही लागतात. जिच्यासाठी ही सूचना, तिलाच ती वाचता येत नसेल तर ती छापली कोणासाठी? घटकांची नावं जगभर एकच असावीत हे मला मान्य. पण "हे औषध आहे, चेहरा उजळायला वापरू नका" एवढं एक वाक्य महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर मराठीत छापायला काय हरकत आहे? गोरेपणाच्या जाहिराती बऱ्या शुद्ध मराठीत करता येतात!

"केमिकल नको" म्हणून ग्लिसरीनला घाबरणारे आपण सुशिक्षित लोक. आणि खरं घाबरायचं ते दुकानदार न विचारता हातात ठेवतो.

माझ्या कौतुकामुळेच तिने ती ट्यूब पुढे चालू ठेवली असेल, असं मी मावशींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही एकट्या कुठे, सगळेच म्हणत होते."

चेहरा निवायला वर्ष उलटून गेलं. आता ती उन्हापासून बचावाचं क्रीम आणि एक साधं, बिनवासाचं, ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेलीचं क्रीम लावते. मी तिला एका कागदावर चार नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, हायड्रोक्विनोन. प्रत्येकासमोर ट्यूबवर छापतात तसं इंग्रजी स्पेलिंग. कागद तिने आरशाशेजारी चिकटवलाय. गेल्या आठवड्यात चाळीतल्या आणखी दोघींसाठी नकला मागून घेऊन गेली.