न पाहिलेल्या मोटारीचा सौदा

आमच्या ओळखीचे एक कोकणी गृहस्थ ब्रिटनमध्ये लँकेशायर भागात स्थायिक आहेत. तीस वर्षे त्यांनी बस चालविली. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी तरुणपणीची एक हौस पुरी केली. एमजीबी ही उघड्या टपाची, दोन आसनांची जुनी स्पोर्ट्‌स मोटार घेतली. गाडी होती कॉर्नवॉलमध्ये, म्हणजे तीनशे मैलांहूनही दूर, समुद्राकाठी. त्यांनी बारा छायाचित्रे पाहिली, फोनवर दोनदा बोलणे केले आणि पूर्ण रक्कम पाठवून दिली. ट्रकवरून गाडी दारात उतरली तेव्हा रंग आरशासारखा चकाकत होता. पंधरा दिवसांनी मेकॅनिकने ती वर उचलून दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर लावला, तो आत गेला. तेथे पत्रा उरलाच नव्हता. पुट्टी भरून वर रंग मारलेला होता.

ऐकणारे म्हणाले, "न पाहता घेतलीच कशाला?" आमचे मत थोडे वेगळे आहे. न पाहता माल घेणे ही काही चूक नव्हे. आपल्या बंदरांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच चालत आला. मुंबईच्या पेढीवर बसलेला व्यापारी बसऱ्याचा खजूर तेथे जाऊन चाखून घेत नसे. परंतु त्याच्या हाती मालाचा नमुना असे आणि पलीकडच्या बंदरात त्याचा अडत्या असे. माल खराब निघाला तर अडत्याची पत जाई. आजच्या सौद्यात नमुनाही नाही आणि अडत्याही नाही. दोघांच्या जागी आपण छायाचित्रे बसविली. खरी चूक येथे आहे.

पोत्यातून मूठभर दाणे काढले की साऱ्या पोत्याची कल्पना येते. जुन्या मोटारीचे तसे नाही. एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली; पण आज त्यातील प्रत्येक गाडीची प्रकृती निराळी आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच. टप उघडा असल्याने दाराखालच्या पट्ट्याच सारा भार पेलतात. त्या कुजल्या की गाडीचा कणाच गेला. इंजिनाचे भाग आजही सहज मिळतात, पण कणा दुरुस्त करण्याचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. आणि छायाचित्रात नेमका कणाच दिसत नाही.

सरकारी तपासणीवरही विसंबता येत नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी तपासणी होते. परंतु मे 2018 पासून चाळीस वर्षांवरील, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे जी गाडी सर्वांत जास्त तपासायला हवी, ती कित्येक वर्षे कोणी तपासलेलीच नसेल.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. व्यापाऱ्याकडून दूर अंतरावरून माल घेतला तर ब्रिटनमधील ग्राहकाला माल हाती आल्यापासून चौदा दिवसांत सौदा मोडता येतो. खाजगी विक्रेत्याच्या बाबतीत तसे नाही. गाडी विकण्याचा हक्क त्याचा असावा आणि त्याने केलेले वर्णन खरे असावे, हे मुख्य बंधन त्याच्यावर असते. वर्णनात जे नाही त्याची जबाबदारी त्याची नाही. आमच्या गृहस्थांना "गंज अजिबात नाही" असे फोनवर सांगितले गेले होते. कागदावर ते कोठेच नव्हते. तोंडी वर्णनही कायद्याने बांधून घेते, पण कागदाशिवाय ते सिद्ध करणे कठीण.

म्हणून आमचे सांगणे असे. पहिली गोष्ट, अडत्या नेमा. गाडी जेथे आहे त्या गावचा, विक्रेत्याशी संबंध नसलेला जाणकार मेकॅनिक फी देऊन पाठवा. त्याने गाडी वर उचलून खालून पाहावी, पट्ट्यांना लोहचुंबक लावावे (पुट्टीवर तो चिकटत नाही) आणि इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. ही फी वाया जात नाही. सौदा मोडला तरी ती नफ्यातच धरावी.

दुसरी गोष्ट, कागद तपासा. ब्रिटनमधील व्ही-५सी या नोंदणीपत्रावर गाडी सांभाळणाऱ्याचे नाव असते; तो मालकीचा पुरावा नव्हे. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, हे वेगळे तपासावे लागते. चासी क्रमांक मूळ नोंदीशी जुळतो का तेही पाहावे. गेडन येथील ब्रिटिश मोटर संग्रहालयाकडून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मिळतो.

तिसरी गोष्ट, विक्रेत्याचे प्रत्येक वाक्य लेखी घ्या. चौथी, बयाणा थोडा द्या आणि बाकी रक्कम तपासणीनंतरच द्या. जो विक्रेता तपासणीला नकार देतो, त्याने नकळत खरे उत्तर दिलेले असते.

विकणाऱ्यांनाही एक शब्द सांगावासा वाटतो. दोष झाकून मिळालेली जादा किंमत ही कमाई नव्हे. समोरचा माणूस तीनशे मैलांवर असला तरी त्याचा पैसा घामाचाच असतो.

ती मोटार आज त्या गृहस्थांच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. पट्ट्या बदलण्याइतके पैसे जमले की ती रस्त्यावर येईल. तीस वर्षे दररोज सकाळी बस बाहेर काढण्यापूर्वी ती खालून-वरून पाहून घेणाऱ्या या माणसाने स्वतःची गाडी मात्र न तपासता घेतली. हौसेच्या मालालाही धंद्याचाच नियम लावावा, एवढाच यातला बोध.