उंची सहा फूट, बजेट तीन लाख: जुनी गाडी घेताना आधी बसा, मग भाव करा



जुनी गाडी बघायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" माझं स्पष्ट मत आहे, तुमची उंची सहा फूट किंवा जास्त असेल तर हा प्रश्न शेवटी विचारा. आधी गाडीत बसा.

का? साधा हिशोब करू. महिन्याला १००० किलोमीटर फिरणं आहे. एक गाडी लिटरला २२ देते, दुसरी २०. फरक पडतो साधारण साडेचार लिटर पेट्रोलचा, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. आणि गुडघे दुमडून, मान वाकवून रोज दोन-तीन तास गाडी चालवली तर? कंबर धरते, पार्टीकडे जायचा कंटाळा येतो, व्हिजिट पुढे ढकलल्या जातात. छोट्या धंद्यात मालक बसला की धंदा बसतो. हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

"मग मोठी गाडीच घ्या," असं काही जण म्हणतील. मला नाही पटत. हप्ता वाढतो, बाजारपेठेत पार्किंग मिळत नाही. आणि मोठ्या गाडीत सनरूफ असेल तर डोक्यावरची जागा उलट कमीच होते.

छोट्या गाड्यांतही फरक असतो. १९९८ ला सँट्रो आली, १९९९ ला वॅगन आर. या 'टॉल बॉय' गाड्या. छप्पर उंच, त्यामुळे खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसता येतं. २०१९ च्या वॅगन आरची उंची १६७५ मिमी, जुन्या ऑल्टो ८०० ची १४७५. तब्बल २० सेंटिमीटर! पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण सीटच उंच असेल तर डोकं छताजवळच जाणार.

म्हणून गाडी बघायला जाताना रोजचेच बूट घाला आणि हे करा:

१. सीट पूर्ण मागे घ्या. जुन्या गाडीत रेल गंजून अडकलेली असू शकते. जाड सीट कव्हर आणि वरची गादी काढून बसा.
२. क्लच पूर्ण दाबा. मग ॲक्सिलरेटरवरून पाय ब्रेकवर न्या, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. गुडघा कुठेही लागता कामा नये. हा आरामाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.
३. डोकं आणि छत यात मूठ बसली पाहिजे. मान न वाकवता सिग्नल दिसला पाहिजे.
४. हेडरेस्ट डोक्यामागे येतं का? काही बेसिक मॉडेलमध्ये ते सीटलाच जोडलेलं असतं, वर होत नाही. उंच माणसाच्या ते मानेपाशीच संपतं.
५. तुमच्या मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा. स्टाफ किंवा कस्टमर न्यायचा असेल तर हे आत्ताच कळू दे.
६. अर्धा तास चालवा, स्पीडब्रेकरवरून न्या.

एजंट घाई करेल, "साहेब, सवय होते." सवय होत नाही, दुखणं होतं. सहापैकी दुसरी टेस्ट नापास झाली तर गाडी कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. सगळ्या पास झाल्या की मगच कागदपत्रं, इंजिन आणि भाव.

तुमची उंची किती आणि गाडी कोणती, कमेंटमध्ये लिहा. दुसऱ्या एखाद्या उंच माणसाचे पैसे वाचतील.