क्षमा आणि परतफेड

आम्हा ख्रिस्ती मुलांचा प्रामाणिकपणा संडे स्कूलातल्या ‘खोटे बोलू नये’ इथेच थांबतो. चुकलो, तर प्रार्थनेत क्षमा मागायची, की झाले! लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय जकातदार तेवढ्यावर थांबला नाही. अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे गणनाच्या ५ व्या अध्यायात आहे. याने चौपट देऊ केले. मला वाटते, देवाने क्षमा केली म्हणून माणसाचे देणे फिटत नाही.

लिहायला सोपे आहे. गेल्या वर्षी फी-सवलतीच्या अर्जात मी आईची शिवणकामाची कमाई लपवली. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. नाव कमी होईल ही धास्ती. परवा आईला सांगितले. तिने मशीन थांबवले नाही. एवढेच विचारले, “किती रुपये?”